खंडेनवमीचा अपडेट

अण्णा तापकीर कधी कुणाच्या माउसला हात लावायचे नाहीत. कंपनीतले सगळे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात, पण बंद पडलेला कॉम्प्युटर बघायला आले की ते खुर्चीच्या मागे उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि तिथूनच सांगायचे, इथं जा, ते उघडा, ते न्हाई, त्याच्या खालचं. नव्या माणसाला वाटायचं, हा गडी कामाला कंटाळतो. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं, आणि माझं तोंड जरा फटकळ असल्यामुळे मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, साहेब, तुम्हीच बसा की इथं, चुटकीसरशी होईल. त्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी बसलो तर आत्ता व्हईल. तुमी बसला तर पुन्हा मला बोलवावं लागणार न्हाई."

आमची कंपनी चाकणला, एमआयडीसीत. मोटारीचा दरवाजा, बॉनेट, छत असे पत्र्याचे भाग ज्या लोखंडी साच्यात दाबून काढतात, ते साचे आम्ही करायचो. तिकडे सगळे त्याला डाय म्हणतात. एकेक डाय एवढी अजस्र की उचलायला क्रेन लागते. ती आधी कॉम्प्युटरवर पूर्ण उभी करायची, शेवटच्या बोल्टासकट, फिरवून फिरवून सगळ्या बाजूंनी बघायची, आणि मगच खाली शॉपमध्ये लोखंड कापायला घ्यायचं. हे कॉम्प्युटरवरचं काम आमच्या डिझाइन विभागाचं. अण्णा सिस्टिम विभागाचे प्रमुख होते. विभागात माणसं किती, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, मी आणि माझा पंखा.

अण्णा चऱ्होलीचे. म्हणजे चऱ्होली नुसतं गाव होतं तेव्हापासूनचे. त्यांच्या कांद्याच्या वावरात आता उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यातले बरेच फ्लॅट त्यांच्याच घरात. गळ्यात साखळी, बोटांत ठसठशीत अंगठ्या, आणि पांढरी भलीमोठी गाडी, जी ते रोज सकाळी मालकांच्या गाडीला खेटून लावायचे. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडायचं झालं की आधी अंगठ्या काढून खिशात टाकायच्या आणि पत्र्यावर तळहात टेकवून क्षणभर थांबायचं. अंगातली वीज उतरवतोय, म्हणायचे. नव्या पोरींना वाटायचं, अण्णा मशीनच्या पाया पडतायत, आणि अण्णाही त्यांचा तो समज कधी मोडायचे नाहीत.

एवढं सगळं असताना हा माणूस नोकरी कशाला करतो, हा प्रश्न कंपनीत प्रत्येक जण एकदा तरी विचारायचा. अण्णांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, पिंपरी कॅम्पात एका दुकानात टीव्ही दुरुस्त केलेले, आणि मग कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबर तेही आले. हे सगळं जमीन विकली जाण्याच्या कितीतरी आधीचं. मी विचारलं तेव्हा डब्यातली बाजरीची भाकरी मोडता मोडता म्हणाले, "भाडं तर आमी झोपलो तरी येतं, ताई. त्यात माझं काय हाय?" आणि ठेच्याचा डबा माझ्याकडे सरकवला. तो ठेचा असा जहाल की मी दुपारभर पाणी पीत होते, आणि ते मागे उभे राहून हसत होते.

त्यांच्यासमोर काही शब्द चालायचे नाहीत. "काहीतरी झालंय" हा त्यातला पहिला. काहीतरी म्हणजे काय, ते विचारणार. स्क्रीन काळी झाली का निळी? आवाज आला का? त्या वेळी तुमचा हात कुठं होता? "आपोआप" म्हटलं तर त्यांचा पाराच चढायचा. आपोआप फक्त केस पिकतात, बाकी सगळ्याला कारण असतं, असं त्यांचं म्हणणं. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी यायचा. हे बिघडायच्या आधी काय बदललं? नवीन काय घातलं, काय काढलं, जागा हलवली का? माणूस म्हणायचा, काही नाही हो. अण्णा म्हणायचे, आठवा. आणि तो आठवेपर्यंत खुर्चीमागून हलायचे नाहीत.

पण ऐकून मात्र घ्यायचे, अगदी शेवटपर्यंत. हे मी दुसऱ्या कुठल्या सिस्टिमवाल्यात पाहिलं नाही. बाकीचे तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात पुढे करतात. स्टोअरमध्ये गोरे नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा कॉम्प्युटर दुपारी जेवणानंतर बंद पडतो अशी त्यांची तक्रार. सगळे खो खो हसायचे, कारण जेवणानंतर गोरेच बंद पडतात हे जगजाहीर. अण्णा हसले नाहीत. काही दिवस रोज दुपारी स्टोअरमध्ये जाऊन बसले, गोऱ्यांच्या शेजारी, गोऱ्यांच्या घोरण्यासकट. आणि त्यांनी शोधून काढलं की त्याच लाइनवर पलीकडचं पॅकिंगचं मशीन दुपारच्या पाळीला सुरू होतं आणि त्या झटक्याला विजेचा दाब उतरतो. गोरे खरं सांगत होते. नंतर अण्णा मला म्हणाले, तक्रार करणारा माणूस खोटं बोलत नाही, त्याला नीट सांगता येत नाही एवढंच. हे वाक्य त्या वेळी मी कानाआड केलं. पुढे ते मला फार पुरलं.

आता एवढं वाचून कुणाला वाटेल, मोठा साधुपुरुष दिसतोय. छे. अण्णांना मान फार लागायचा. मीटिंगमध्ये खुर्ची खिडकीजवळचीच पाहिजे, चहा आला की पहिला कप त्यांच्याकडे गेला पाहिजे. माझ्या हातून आजवर एक फाइल गेली नाही, हे ते आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवणार. कीबोर्डवर फरसाण खाणाऱ्याची तर शोभाच करायचे. कीबोर्ड सगळ्यांदेखत वर्तमानपत्रावर उलटा करायचा, दोन थापा द्यायच्या आणि जे पडेल त्याची पुडी बांधून त्या खाणाऱ्याच्याच हातात द्यायची, घरी न्या म्हणून. एकदा बाहेरचे पाहुणे आले असताना आमच्या मालकांनी त्यांची ओळख "हे आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करतात" अशी करून दिली. झालं. अण्णांनी तोंड फुगवलं ते मालक स्वतः त्यांच्या केबिनमध्ये चहा प्यायला येऊन बसेपर्यंत. त्यांचं नाव काढलं की मला हाच अण्णा आधी आठवतो, तोंड फुगवलेला, आणि त्याच अण्णाने माझ्यासाठी काय केलं ते सांगायचं म्हणून हे सगळं सांगतेय.

मी त्या कंपनीत लागले ती मोठ्या खंडानंतर. माहेर माझं परभणीकडचं. लग्नाआधी इकडे येऊन भोसरीत डिझाइनचं काम केलेलं होतं, पण मग जुळी मुलं झाली, पाठोपाठ सासूबाईंचं दुखणं आलं, आणि नोकरी सुटली ती सुटलीच. मुलं मोठी झाली तेव्हा मी पुन्हा अर्ज करायला लागले. सगळीकडे एकच प्रश्न, मधली एवढी वर्षं काय केलं? घर केलं, असं सांगितलं की समोरचा कागद मिटायचा. या एका कंपनीने घेतलं, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. आमचे डिझाइनचे प्रमुख पाटणकर साहेब स्पष्ट म्हणाले की सहा महिने बघू, जमलं तर कन्फर्म करू. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो बिचारा प्रेमाने म्हणाला, नाही जमलं तर सोड, आपलं काही अडलेलं नाही. त्याच्या त्या "नाही जमलं तर"ने मला जेवढा राग आला तेवढा कुणाच्या शिव्यांनी आला नसता. मला कळत होतं की या वेळी घरी परत गेले तर मला पुन्हा कुणी बोलावणार नाही, आणि मीसुद्धा पुन्हा अर्ज करणार नाही.

सुरुवातीचे महिने बरे गेले. नवीन सॉफ्टवेअर अंगवळणी पडलं. एका बॉनेटची मोठी डाय माझ्याकडे आली. आणि मग आली खंडेनवमी.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे दिवाळीच्या वरताण. त्या दिवशी काम बंद. प्रत्येक माणूस आपापलं मशीन धुतो-पुसतो. लेथवाला लेथ, प्रेसवाला प्रेस, क्रेनवाला क्रेन. मग हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. डिझाइनवाल्यांनी मागे का राहावं, म्हणून आम्हीही आपापल्या कॉम्प्युटरची पूजा करायचो. अण्णांचे नियम ठरलेले. कुंकू कॅबिनेटच्या बाजूला लावायचं, जाळीवर नाही. माळ घालायची नाही, एकच फूल. उदबत्ती दाराबाहेर. पण त्या वर्षी त्यांच्या अंगात उत्साह संचारला होता. म्हणाले, मशीन बाहेरून सगळेच पुसतात, आतून कोण पुसणार? आणि आम्ही फडकी मारत असताना त्यांनी एकेक करून विभागातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नवं सगळं घातलं. विंडोजचे अपडेट, आणि ग्राफिक्स कार्डाचा नवाकोरा ड्रायव्हर. ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणारा भाग, आणि ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर त्या कार्डाशी ज्याच्या मार्फत बोलतो तो प्रोग्राम. एरवी एकाही खुर्चीत न बसणारा माणूस त्या दिवशी प्रत्येकाच्या खुर्चीत बसला, कारण आम्ही सगळे पूजेच्या तयारीत. पेढे वाटताना मालकांना सांगत होते, यंदा पूजा आतूनसुद्धा झाली.

दसऱ्यानंतर कामावर आलो, मी बॉनेटची डाय उघडली, जरा फिरवली, आणि स्क्रीन काळी झाली. मग निळी. मग कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू. मला वाटलं, वीज गेली असेल. तासाभराने पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. झालेलं काम जायचं, ते परत करायचं, ते परत जायचं. बाकी सगळ्यांचे कॉम्प्युटर ठणठणीत. शेजारच्या मुलाला माझ्या जागी बसवून बघितलं, तर तो दिवसभर एका लहानशा भागावर काम करत राहिला आणि काही म्हणजे काही झालं नाही. झालं, मशीनचं नाव सुटलं आणि माझं नाव लागलं. मी बसले की बंद पडतं.

पाटणकर साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या मागे गिऱ्हाइकाचा तगादा होता. ते एकदा येऊन म्हणाले, तुम्ही चुकून दोन-तीन बटणं एकदम दाबता का? मी नाही म्हटलं. मग हळूहळू माझ्या कानावर यायला लागलं की इतक्या वर्षांनी हात वळत नसेल, बाईंना सवय नाही राहिली. कुणी तोंडावर काही बोललं असतं तर मी सोडलं नसतं. पण सगळे फार चांगले वागत होते. "मॅडम, मी करून देऊ का?" असं दिवसातून कितीदा तरी ऐकायची. महिनाअखेरच्या रिव्ह्यूत माझ्या कन्फर्मेशनचं ठरणार होतं. घरी मी यातलं अक्षर बोलले नाही. बोलले असते तर नवरा पुन्हा प्रेमाने तेच म्हणाला असता.

अण्णांना बोलावलं. ते आले, मागे उभे राहिले, म्हणाले, सांगा. मी सगळं सांगितलं, रडकुंडीला येऊन सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न. याच्या आधी काय बदललं? मी म्हटलं, काही नाही, पूजा झाली तेवढी. ते हसले. म्हणाले, पूजेनं कुठं मशीन बिघडतंय व्हय?

आणि मग त्यांचं ते संथ काम सुरू झालं. आधी मेमरी बदलली आणि थांबले. मग वीज पुरवणारा भाग बदलला आणि थांबले. मग पंखा साफ करून थांबले. मी म्हणायची, अण्णा, सगळं एकदम बदला ना. ते म्हणायचे, एका वेळी एकच बदल करायचा, दोन केले तर कशानं बरं झालं ते कळत नाही. त्यांचं खरं होतं, पण माझा महिना संपत आला होता. डाय फिरवली की कॉम्प्युटर मान टाकतच होता. अण्णांचाही आवाज उतरला. चहा आलेला तसाच गार व्हायचा. पण एक गोष्ट सांगते, त्या सगळ्या दिवसांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की तुम्ही काय दाबलंत. सगळ्या कंपनीत तेवढा एकच माणूस होता ज्याला माझं खरं वाटत होतं. मी रोज सकाळी कामावर येत होते ती त्या एका माणसाच्या भरवशावर.

एका सकाळी त्यांनी ग्राफिक्स कार्ड बघायचं म्हणून कॅबिनेट टेबलाखालून ओढून बाहेर काढलं. अंगठ्या खिशात टाकल्या, पत्र्यावर हात टेकवला आणि तसेच थांबले. हाताखाली वाळलेलं कुंकू होतं.

"ताई, हे कुंकू कधीचं?"

मी म्हटलं, खंडेनवमीचं.

त्यांनी ते कुंकू नखाने जरासं खरवडून बघितलं. मग शेजारच्या स्टुलावर टेकले आणि अगदी हळू म्हणाले, "त्या दिवशी हिथं मी बसलो होतो, न्हवं?"

सगळ्यांना विचारत फिरणारा माणूस, आधी काय बदललं, काय बदललं म्हणून, आणि बदल त्यानेच केलेला. तो त्याच्या ध्यानातच आला नव्हता, कारण ती त्याच्या लेखी पूजा होती. अण्णांनी मला समजावून सांगितलं. विभागातल्या बाकी सगळ्या कॉम्प्युटरांना नवी कार्डं होती. माझा कॉम्प्युटर नव्या माणसाला द्यायचा म्हणून जुना, त्यातलं कार्डही जुनं. नवा ड्रायव्हर नव्या कार्डांना मानवला, जुन्याला नाही. छोट्या कामात तो कसाबसा निभावून न्यायचा. मोठी डाय फिरवली की कार्डावर ताण पडायचा आणि सगळंच कोसळायचं. म्हणून शेजारच्या मुलाला काही झालं नाही आणि मला रोज झालं. सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवला मी, असं म्हणाले आणि कपाळावर हात मारून घेतला.

मग मला खुर्चीत बसवून त्यांनी ते काढायला लावलं. आधी नेटवर्कची वायर काढा, म्हणाले, न्हाईतर आपण पुढच्या दारानं काढलेलं हे विंडोज मागच्या दारानं परत घेऊन येतंय. मग कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरता, सुरू केला. नवा ड्रायव्हर मुळापासून काढला, त्याचं मागे काही उरलं नाही ना ते बघितलं. पुन्हा सुरू करून जुनाच ड्रायव्हर घातला, आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी त्या कार्डासाठी चालतो म्हणून सांगितलेला. आपोआप अपडेट व्हायचं बंद केलं आणि शेवटी वायर लावली. मी बॉनेटची डाय उघडली आणि भीत भीत फिरवली. ती फिरली. उलटी केली, सुलटी केली, जवळ आणली, लांब नेली. दिवसभर काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी कॅन्टीनचं पिठलंसुद्धा मागून खाल्लं.

माझ्यापुरतं तेवढं बास होतं. रिव्ह्यूला अजून दोन-तीन दिवस होते, डाय पुरी झाली असती. पण अण्णा संध्याकाळी पुन्हा आले आणि म्हणाले, सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सांगणार. मी हात जोडले. म्हटलं, अण्णा, राहू द्या, आता मशीन नीट झालंय, काम दिसेलच, कशाला उकरून काढता? खरं तर मला त्यांचीच काळजी वाटत होती. माझ्या हातून फाइल गेली नाही म्हणून मिरवणारा माणूस, त्याने भरल्या मीटिंगमध्ये असं कशाला सांगावं?

ते म्हणाले, "मशीन नीट झालं. तुमचं नाव कुठं झालं?"

ते पुढे म्हणाले की मी गप्प राहिलो तर हे लोक म्हणतील, बाईंना आता जमायला लागलं. म्हणजे आधी जमत नव्हतं, असंच ना?

सोमवारी मीटिंगला मालकही होते. अण्णांनी खिडकीजवळची खुर्ची सोडली, उभे राहिले आणि म्हणाले, सगळ्यांनी जरा डिझाइनमध्ये चला. सगळी वरात माझ्या टेबलाशी आली. सकाळीच त्यांनी मला विचारून तो नवा ड्रायव्हर पुन्हा घातला होता. त्यांनी पाटणकर साहेबांना माझ्या खुर्चीत बसवलं, आपण मागे उभे राहिले, हात पाठीशी, आणि म्हणाले, फिरवा. पाटणकरांनी बॉनेटची डाय फिरवली. एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, आणि स्क्रीन काळी झाली, मग निळी. पाटणकरांनी माउसवरचा हात असा उचलला जसा काही चटका बसला. म्हणाले, काहीतरी झालं.

"काहीतरी न्हाई," अण्णा म्हणाले. "खंडेनवमीला ह्यो ड्रायव्हर मी घातला. कार्ड जुनं हाय का नवं, ते न बघता घातला. ताईंचं एक बटण चुकलं न्हाई. चूक माझी हाय, आणि बोलणी त्यांनी खाल्ली."

मालक समजुतीने म्हणाले, असू द्या अण्णा, होतं कधीकधी.

"व्हत न्हाई साहेब. मी केलं."

पाटणकर खुर्चीतून उठले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, मॅडम, सॉरी, मी चुकीचं समजलो. मी मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर मी रडले असते आणि मला त्या टेबलाशी रडायचं नव्हतं. सगळे गेल्यावर अण्णा मला म्हणाले, चला, वायर काढा, जुना घालायचाय.

त्याची किंमत अण्णांनी पुढे बरेच दिवस मोजली. खालच्या शॉपपर्यंत बातमी गेली. कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारायचंच, काय अण्णा, यंदा पूजेला कोणता अपडेट? दुरुस्तीवाला म्हटलं म्हणून तोंड फुगवून बसणारा हा माणूस, मला वाटलं आता महिनाभर कुणाशी बोलणार नाही. पण ते चिडले नाहीत. खाली मान घालून भाकरी खायचे आणि म्हणायचे, व्हय राव, चुकलं. हे त्यांना किती जड जात होतं ते मला त्यांच्या कानांवरून कळायचं, ते लालबुंद व्हायचे. तरी एकदाही त्यांनी "पण" म्हणून पुढे काही जोडलं नाही.

मला कन्फर्मेशन मिळालं. त्या रविवारी मी पेढे घेऊन नवऱ्याबरोबर चऱ्होलीला अण्णांच्या घरी गेले. अण्णा ओट्यावर बनियनवर बसले होते, आम्हाला बघून लगबगीने शर्ट घालून आले. त्यांनी घरच्यांना सगळ्यांना बाहेर बोलावलं, बायको, मुलगा, सून, आणि मला खुर्चीवर बसवून सगळी गोष्ट सांगितली, आपल्या चुकीसकट, तिखटमीठ लावून. बायकोने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, घरात कधी एक चूक कबूल केली न्हाई ह्यांनी. सगळे हसले. मी तेवढ्यात संधी साधून म्हटलं, अण्णा, तुमचे आभार कसे मानू...

त्यांनी हात वर करून मला तिथंच थांबवलं.

"आभार मानू नका, ताई. तुमी आभार मानले की माझी चूक उपकार व्हऊन बसती."

नोकरी लागली म्हणून पेढा खातो, आभाराचा म्हणून नाही, असं म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला. नवऱ्याला जमिनीच्या गोष्टी सांगत बसले. निघताना गल्लीत आमची गाडी वळवायला ते रस्त्यात उभे राहिले आणि येणारा टेम्पो हात करून थांबवून धरला. पुढे मी आणखी काही वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, मग त्यांनी नोकरी सोडली. मधे दोनदा मी पुन्हा तो विषय काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी तसाच हात वर केला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मोशीच्या सिग्नलला. मी कंपनीच्या बसमध्ये होते, ते शेजारी त्यांच्या पांढऱ्या गाडीत, मुलगा चालवत होता. खूप वाळले होते. मी खिडकी सरकवून हाक मारली. त्यांनी काच खाली केली, डोळे बारीक करून बघितलं आणि ओळखलं. मशीन कसं आहे, असं विचारतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "साहेब झाला म्हणं तुमी डिझाइनला?" मी हो म्हटलं. त्यांनी मुलाच्या खांद्यावर थाप मारली आणि बोट करून मला दाखवलं, जणू काही मी त्यांच्या गावची निवडणूक जिंकले होते. सिग्नल सुटला आणि गाडी आळंदीच्या बाजूला वळली.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दोषाचा डाग एकदा बसला की तो पुसायला कुणी येत नाही, आपला आपण वाहायचा असतो, असं मी नोकरीच्या इतक्या वर्षांत पाहिलंय. माझा पुसायला एक माणूस आला, आणि पुसला तो डाग त्याने स्वतःच्या सदऱ्याला लावून घेतला. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत, घरी येताना मान ताठ असते, आणि "नाही जमलं तर" हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. हात वर करून मला थांबवायला आता अण्णा नाहीत, म्हणून सांगून टाकते. चूक तुमचीच होती, अण्णा, ते मान्य. तरीपण मी तुमची फार फार आभारी आहे.